गावजेवणाचं सतेलं

बोरखिंडीच्या एसटी थांब्यावर बुधवारी सकाळी फ्लेक्स लागला आणि दुपारपर्यंत गावातला जो तो काहीतरी निमित्त काढून तो वाचून आला. साल दोन हजार त्रेचाळीस उजाडलं, गाड्या विजेवर धावू लागल्या, पण फ्लेक्सचा सोस काही सुटला नव्हता. त्यावर सरपंच दयानंदराव सगळ्यांत मोठे होते, पुण्याच्या डॉ. मृण्मयी तगारे त्यांच्या निम्म्या, आणि खालच्या कोपऱ्यात शालन वाघमोडे, ओळखपत्रावरच्या फोटोत माणूस दिसतं तशी दचकलेली. वर ठसठशीत अक्षरं होती, 'बोरखिंडीच्या पोटाला जगात तोड नाही.'

हे वाक्य सरपंचांचं असलं तरी त्यामागचं शास्त्र तगारे मॅडमचं होतं. शनिवारी पुण्याच्या संशोधन संस्थेची माणसं येणार होती आणि भर सभेत जाहीर करणार होती की, बोरखिंडकरांच्या आतड्यांत एक वेगळा जिवाणू असावा आणि त्याच्यामुळेच एक साधी हिरवी पूड इथं कर्करोगाविरुद्धची ढाल बनली आहे. त्या जिवाणूला गावाचं नाव द्यायचंही ठरलं होतं. आजवर ज्या गावाचं नाव तालुक्याच्या नकाशावरसुद्धा चुकीच्या जागी छापलं जात होतं, त्याचं नाव आता जगभरच्या पुस्तकांत जाणार होतं. गाव नुसतं फुगून गेलं होतं.

फक्त शालन त्या आनंदात नव्हती. सगळ्या गावात फक्त तिला आणि पुडीच्या केंद्रात तिच्या हाताखाली असलेल्या शबानालाच माहीत होतं की, तिथल्या वहीत अकरा महिने रोज एक खोटी खूण पडत होती, आणि ती शालनच्या हातची होती.

शालन या केंद्राच्या कामात पडली ती नवऱ्यामुळे. सुभाषचा शेंगतेलाचा घाणा होता. सरळ माणूस, दारूच्या थेंबालाही न शिवलेला. तो सत्तेचाळिसाव्या वर्षी यकृताच्या कर्करोगानं गेला तेव्हा तिसऱ्याच्या दिवशी तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, 'चोरून पीत असणार, त्याशिवाय लिव्हर जातं होय?' ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. पुढं सहा वर्षांनी डॉ. तगारे गावात आल्या, शाळेत बायका जमवल्या आणि पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते ऐकून शालन सगळ्यांदेखत रडली.

शेंगदाण्याला ओल लागली की त्यावर एक बुरशी धरते, असं डॉक्टर म्हणाल्या. ती एक विष सोडते. त्याला ना वास, ना चव. ते पोटातून रक्तात आणि रक्तातून यकृतात जातं, तिथल्या पेशींमधल्या जनुकांच्या लांब साखळीला चिकटतं, आणि त्या जागी साखळीची नक्कल होताना एखादं अक्षर चुकतं. अशी चुकलेली अक्षरं वर्षानुवर्षं साठत गेली की एखाद्या दिवशी एखादी पेशी कुणाचंच ऐकेनाशी होते. दारूचा यात काडीचा संबंध नसतो. चांगला माल बाजारात पाठवायचा आणि डागी दाणे घरी चटणीला वापरायचे, ही तर बोरखिंडीत घरोघरची रीत होती. सुभाष त्या चटणीशिवाय जेवायला बसत नसे आणि ती चटणी शालनच कुटत असे. नवऱ्याचं नाव त्या दिवशी धुऊन निघालं, आणि मनाला दुसरा चटका लागला तो वेगळाच.

विषाला अडवायचा उपाय डॉक्टरांनी गुरांच्या गव्हाणीतून उचलला होता. लसूणघासाच्या पानांतलं हरितद्रव्य म्हणजे एक चपटी चौकट, मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू. बुरशीचं विषही चपटं. दोन्ही पोटात भेटली तर ताटावर ताट बसावं तशी एकमेकांवर बसतात, आणि विष रक्तात न शिरता आल्या वाटेनं बाहेर जातं. प्रयोगशाळेत हे जमलं होतं. गावात जमतं का ते बघायचं होतं. म्हणून पाच गावं निवडली, प्रत्येक गावात एक केंद्र, कृती एकच. गावानं पूड करायची आणि गावातल्याच दोनशे माणसांनी ती रोज सकाळी पाण्यातून प्यायची. म्हशीचा चारा प्यायचा म्हणून गावानं महिनाभर एकमेकांना हंबरून दाखवलं, मग सवय झाली.

पूर्वी अशा उपायाचा गुण कळायला वीस-वीस वर्षं लागायची. आता 'खूणमापी' नावाचं तळहाताएवढं यंत्र निघालं होतं. विष चिकटलेले जनुकांचे तुकडे शरीर कापून टाकतं आणि ते लघवीतून बाहेर पडतात. यंत्राच्या पट्टीवर सकाळचा एक थेंब टाकला की असे तुकडे किती, त्याचा आकडा दिसायचा. बोरखिंडीची सरासरी सुरुवातीला एकसष्ट होती. अकरा महिन्यांनी ती चौदावर आली. बाकीची चार गावं साठावरून कशीबशी चोपन्नावर सरकली होती.

संस्थेनं माती तपासली, पाणी तपासलं, माणसं तपासली. पूड तेवढी पुन्हा तपासली नाही, कारण पाचही केंद्रांचे नमुने पहिल्या आठवड्यातच मंजूर झाले होते आणि सगळे सारखे निघाले होते. ते खरंच सारखे होते. घोळ झाला तो दुसऱ्या आठवड्यात.

संस्थेनं दिलेलं स्टीलचं पातेलं बुडाला पातळ होतं. आठव्या दिवशी ते असं करपलं की घासून घासून शबानाच्या बोटांची सालं निघाली तरी वास जाईना. नव्या पातेल्यासाठी शालननं तीनदा कळवलं. उत्तर नाही. इकडं घास तोडून पडलेला, दुपारपर्यंत कोमेजणारा. मग तिनं देवळातलं गावजेवणाचं तांब्याचं सतेलं आणवलं. त्यात पानं पापडखाराच्या पाण्यात उकळली, कृतीत लिहिल्याप्रमाणे लगदा खाली बसावा म्हणून लिंबाचा रस घातला आणि तो सावलीत वाळवला. वहीच्या 'भांडे' या रकान्यात 'स्टील' असं छापलेलंच होतं, समोर नुसती खूण करायची. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणून तिनं ती केली. मग चार दिवसांचे अकरा महिने झाले.

नुसतं सतेलं तांब्याचं असतं तर ती कदाचित बोललीही असती. पण त्याची कल्हई गेलेली होती. शबानाचे वडील बाबूभाई पंचक्रोशीतले शेवटचे कल्हईवाले. ते गेल्यापासून सतेल्याला कुणी हात लावला नव्हता आणि आत जिथं चांदीसारखं पांढरं दिसायला हवं तिथं लालभडक तांबं उघडं पडलं होतं. अशा भांड्यात आंबट घालायचं म्हणजे त्यात तांबं उतरून ते कळकणार, हे आठ वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. आणि शालन म्हणजे कोण? जिच्या घरच्या हंड्यात तोंड बघून घ्यावं अशी तिची ख्याती. तिनं दोनशे माणसांना कळकलेलं पाजलं, हे तोंडानं कसं सांगायचं? कुणाला काही त्रास होत नाही, हे बघून ती रोज सुटकेचा श्वास सोडायची आणि रोज खूण करायची.

लोक उलट तिच्या पुडीच्या रंगाचं कौतुक करत. बाकी केंद्रांची पूड मेंदीसारखी मळकी पडे, हिची सहा महिन्यांनीही हिरवीगार. हाताला गुण आहे, असं बायका म्हणत, आणि खरं सांगायचं तर शालनलाही ते पटू लागलं होतं.

तिची लेक सानिका उंबरओढ्याला दिली होती. तेही पाचांतलंच एक गाव. सानिका नवऱ्याबरोबर शेंगा फोडायचं यंत्र चालवायची, दिवसभर त्या धुरळ्यात. तिचा आकडा सहासष्ट होता आणि पाच महिने पूड पिऊन चौसष्ट झाला. आईच्या जिवाला काय तो नियम? शालननं मेतकुटाच्या डब्यात आपली पूड भरून पाठवली आणि तीच घे म्हणून बजावलं. तिनं शास्त्र वगैरे काही योजलं नव्हतं. आपल्या हातचं लेकीच्या पोटात जावं, एवढंच. तीन महिन्यांत सानिकाचा आकडा सतरावर आला.

नेमका तोच आकडा डॉ. तगारेंच्या डोळ्यांत भरला. साऱ्या उंबरओढ्यात एकाच बाईला गुण आला आणि ती बोरखिंडीची लेक निघाली. आईकडून मुलीला काय जातं? आतड्यांतले जिवाणू जातात. दोन ठिपके जोडले की रेघ दिसते, तशी त्यांना ती दिसली. शबाना तेव्हाच हसून म्हणाली होती की, गावातल्या निम्म्या बाया तर लग्न होऊन बाहेरून आलेल्या, मग बोरखिंडीचं पोट म्हणजे नक्की कुणाचं पोट? पण शबानाला विचारतो कोण?

फ्लेक्स लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सानिकाचा फोन आला. उंबरओढ्याचं केंद्र सोमवारपासून बंद होणार होतं आणि बाकीची तीनही. त्या गावांतल्या लोकांच्या पोटात तो जिवाणू नाही, तेव्हा पूड पिऊन उपयोग नाही, असं वरून आलं होतं. आता आधी जिवाणू शोधायचा, मग त्याची गोळी करायची, म्हणजे पुढची दहा वर्षं बघायला नको.

"तुला तर गुण आलाय की," शालन म्हणाली.

"मला कशानं आला आई? माझ्या पोटात तुझी पूड हाय." सानिका म्हणाली. "प्राजक्ता अन् मी एका ताटात जेवतो. तिचं बाळ सहा महिन्यांचं हाय. माझा आकडा सतरा अन् तिचा बहात्तर. मला जावेच्या तोंडाकडं बघवत न्हाई. तुझ्या पुडीत काय येगळं हाय ते मला सांग."

शालननं काहीच नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मग ती ओसरीवर येऊन बसली. लेकीशी खोटं बोलायची तिची ही पहिलीच वेळ होती. आणि बसल्या बसल्या तिला पहिल्यांदा वाटलं की, आपण ज्याची इतके दिवस लाज बाळगली तेच तर कारण नसेल?

शुक्रवारी सकाळी तिनं शबानाला बोलावलं. घासाची एकच पेंढी घेतली, धुतली, काट्यावर तोलून दोन सारखे भाग केले. पापडखार तोलून, पाणी मापून, लिंबाचा रस चमच्यानं मोजून. एक भाग करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात, दुसरा सतेल्यात. जाळ सारखा राहावा म्हणून दोन्ही एकामागून एक त्याच शेगडीवर ठेवली. संस्थेनं पुण्यात एवढी यंत्रं मांडली होती, पण हा प्रयोग बोरखिंडीच्या समाजमंदिरामागच्या पडवीत झाला, आणि तो करणारी बाई नववी पास होती.

लिंबू पडताच स्टीलमधला लगदा डोळ्यांदेखत मळला. सतेल्यातला हिरवा तो हिरवाच राहिला. दुपारी उन्हं कलल्यावर दोन्हींतलं चिमूट-चिमूट त्यांनी पाण्याच्या पेल्यात टाकलं. एक गाळासारखं तळाला बसलं. दुसरं पाण्यात असं मिसळलं की सगळा पेला पाचूसारखा झाला.

"अब्बांनी जल्मभर लोकांना हेच सांगितलं ताई," शबाना म्हणाली, "कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट घालू नका."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं हुतं. पहिल्याच दिवशी. तुमी म्हणालात, चार दिवसांचा प्रश्न हाय."

शबानानं ते बोलून दाखवायला अकरा महिने वाट पाहिली होती आणि आताही तिच्या आवाजात राग नव्हता, याचंच शालनला जास्त लागलं.

शनिवारी समाजमंदिर खचाखच भरलं. उंबरओढ्याहून सानिका आली होती, मांडीवर जावेचं बाळ घेऊन बसली होती आणि शेजारी प्राजक्ता. सरपंचांनी भाषणात बोरखिंडीच्या पोटाचा इतिहास पार शिवकाळापर्यंत नेला. मग सत्कारासाठी शालनचं नाव पुकारलं. ती व्यासपीठावर चढली, मान हलवून शाल नाकारली आणि पदराखाली धरलेले दोन पेले टेबलावर ठेवले.

"ह्यो सत्कार मला घेता येणार न्हाई," ती म्हणाली. "आपल्या पोटात काय बी येगळं न्हाई. स्टीलचं पातेलं करपलं म्हणून मी गावजेवणाच्या सतेल्यात पूड केली. कल्हई गेली हुती. मला दिसत हुतं. तरी वहीत मी रोज स्टील म्हणून खूण केली. अकरा महिने. आन् माझ्या लेकीला चोरून तीच पूड धाडली. ह्यो पेला स्टीलचा, ह्यो सतेल्याचा. एकाच पेंढीचे हायत."

सरपंचांनी माईक ओढला आणि ताईंवर समारंभाचं दडपण आलंय असं सांगायला सुरुवात केली. मागून एक म्हातारबुवा उठून ओरडले की आम्हाला वर्षभर कळकलेलं पाजलं काय. गलका माजला. शालन हलली नाही. शिव्या खायच्या तर उभं राहून खाऊ, असं तिनं घरूनच ठरवलं होतं.

डॉ. तगारे मात्र गलक्यात नव्हत्याच. त्यांनी दोन्ही पेले उजेडाकडे धरले होते. त्यांनी शालनला तीनच प्रश्न विचारले. पाणी तेच होतं का, लिंबू कधी घातलं, आणि सतेल्यात किती वेळ राहिलं. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि स्वतःशीच हसल्या. दोन वर्षांचं काम आणि एका जिवाणूचं नाव त्या हसण्यात बुडालं होतं. त्यांनी माईक मागून घेतला.

"लिंबानं हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. रिकाम्या जागेत दुसरं काही आलं नाही तर पूड मळते, पाण्यात विरघळत नाही आणि विषालाही धरत नाही. शालनताईंच्या सतेल्यात त्या जागेवर तांबं येऊन बसलं. ते हलत नाही. म्हणून रंग टिकला आणि गुणही टिकला." त्या शालनकडे वळल्या. "ताईंनी वहीत खोटं लिहिलं, ते चूकच आहे. पण अकरा महिने मी दोनशे माणसांच्या पोटात शोधत होते आणि एकदाही पातेल्यात डोकावले नाही. ती चूक माझी आहे. आणि कुणीही घरी असलं काही करायचं नाही. तांबं जास्त झालं तर तेच यकृत खाईल. उद्या सगळ्यांचं रक्त तपासणार आहोत."

सभा सत्कार न होताच मोडली. फ्लेक्स संध्याकाळच्या आत उतरला आणि कुणाच्या तरी गोठ्यावर चढला.

रक्ताचे निकाल येईपर्यंतचे चार दिवस शालनला अन्न गोड लागलं नाही. तांबं सगळ्यांचं मर्यादेत निघालं, दोघांचं अगदी काठावर. डॉक्टर तिला म्हणाल्या की हे नशीब आहे आणि नशिबावर औषध चालत नाही. केंद्र तीन महिने बंद राहिलं, शालनचं मानधन थांबलं आणि सरपंचांनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं. एकदा दळण टाकायला गेली तर रांगेतल्या दोन बायका पुढं सरकून उभ्या राहिल्या. तिनं ते सगळं सोसलं. आश्चर्य म्हणजे, तिला त्या दिवसांत झोप छान लागत होती.

पुढं चाचणी नव्यानं सुरू झाली आणि बोरखिंडीचं केंद्र पुन्हा शालन-शबानाकडंच आलं. आता तांबं पुण्याहून मोजून, कुपीतून यायचं आणि पातेली जाड बुडाची स्टीलची. चारही बंद होणारी केंद्रं चालू राहिली. उंबरओढ्यात पूड करायचं काम सानिका आणि प्राजक्तानं घेतलं. कर्करोग टळला असं कुणी छातीठोक म्हणत नव्हतं, त्याला अजून वीस वर्षं वाट बघायची होती. पण आठ महिन्यांनी एका सकाळी सानिकाचा फोन आला आणि ती नुसती रडतच राहिली. काय झालं म्हणून शालननं दोनदा विचारलं. मग मागून प्राजक्ताचा आवाज आला, "काकी, एकवीस आला."

त्या वर्षीच्या गावजेवणाला शबानानं माळ्यावरून वडिलांचा भाता काढला. नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील वितळलं आणि कापसाच्या बोळ्यानं तिनं ते सतेल्याच्या पोटात असं फिरवलं की जमलेली माणसं आपापलं तोंड त्यात बघून गेली. सरपंचही बघून गेले. जाताना शालनकडे न पाहता म्हणाले की आमटी झकास झाली पाहिजे.

आणि मग नव्या वह्या आल्या. आता गावं पाच राहिली नव्हती, तीन जिल्ह्यांत मिळून चाळीस झाली होती. प्रत्येक वहीत 'भांडे' हा जुना रकाना पानभर रुंद केला होता. त्यात छापील काही नव्हतं. वर लिहिलं होतं, 'जे वापरले तेच लिहावे. बदलले असल्यास कारण लिहावे.' आणि त्या रकान्याचं नवं नाव होतं, 'बोरखिंड नोंद'.

शालननं ते दोनदा वाचलं. मग शबानाला वाचून दाखवायला लावलं, आपल्या डोळ्यांवर विश्वास नव्हता म्हणून. जिवाणूला जाणार होतं ते गावाचं नाव शेवटी इथं येऊन बसलं होतं. तिचा ऊर भरून आला, आणि ती ते लपवायच्या भानगडीत पडली नाही. सुभाष असता तर म्हणाला असता, लिही आता, नुसती बघत काय बसलीस.

शेगडीवर पहिलं पातेलं उकळत होतं. वही बघण्याच्या नादात दोघींचंही तिकडं लक्ष राहिलं नव्हतं. वास आला तशी शबाना धावली. लगदा वाचला होता, पण बुडाला डाग पडला होता, तळहाताएवढा. शबानानं शालनकडं पाहिलं.

शालननं पेन उघडलं, तारीख घातली आणि 'बोरखिंड नोंद' या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'स्टीलचे. आज बूड थोडे करपले. लक्ष नव्हते.' खाली सही केली, पूर्ण नावानं, शालन सुभाष वाघमोडे.